घर पाहावे वाकून

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगत आले. ही म्हण बांधणाऱ्याची आहे. दुसऱ्याने बांधलेले, दुसऱ्याने वापरलेले घर विकत घेणाऱ्यासाठी तशी म्हण कुणी करून ठेवलेली नाही. जुने घर घेताना आपण उतारा पाहतो, वाटणी झाली आहे का ते विचारतो, दरवाजा कोणत्या दिशेला आहे ते बघतो, विहिरीचे पाणी चाखतो. घरात आपल्या आधीपासून कोण राहत आहे, हे मात्र क्वचितच विचारतो. माणसाबद्दल मी बोलत नाही. उंदीर, घूस आणि त्यांच्या गोतावळ्याबद्दल बोलतो आहे.

हा विषय माझ्यापुढे आला तो बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात उभे आयुष्य काढलेल्या माझ्या मावसभावाला निवृत्तीनंतर गावाकडे राहायचे होते. गावठाणात दगड-मातीचे एक जुने घर विकाऊ होते. पुढे ओटा, आत सोपा, माजघर, मागे परडे. अर्धे माळवद, अर्धा पत्रा. परड्याच्या पलीकडे कुणाचा तरी ऊस उभा. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही ते पाहायला गेलो. घर लखलखीत होते. भिंतींना ताजा चुना, माजघरात ताजे सारवण, देवळीत उदबत्ती. भाऊ हरखला. पाडव्याचा मुहूर्त हुकला, पण निदान तुळशीच्या लग्नाआधी विसार देऊ, असे म्हणू लागला.

बरोबर मावशी होती. तिने भिंतींकडे पाहिलेच नाही. माजघराच्या कोपऱ्यात वाकली, मग परड्यात जाऊन भिंतीच्या बुडाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, “आरं, चुना काय बघतोस? खाली बघ. ही माती आतली हाय, बाहेरची नव्हं.”

जोत्याला लागून भुसभुशीत मातीचा वीतभर ढीग होता. परड्याची जमीन काळी आणि ढिगाची माती पांढरी, म्हणजे भिंतीत आणि भरावात वापरतात ती. एवढ्या एका फरकावरून मावशीने ओळखले होते, की कुणीतरी घराच्या पोटातली माती उपसून बाहेर टाकत आहे. पुढे या विषयावर जे वाचले, ज्यांना विचारले, ते सगळे तिच्या त्या एका वाक्याचाच विस्तार होते.

चार वेगळे प्राणी

आपण ‘घरात उंदीर आहेत’ असे एका दमात म्हणून टाकतो. घर घेणाऱ्याला ही मोघम भाषा परवडत नाही, कारण प्रत्येकाचा उपद्रव वेगळा आणि उपायाचा खर्चही वेगळा.

पहिला घरउंदीर. सडपातळ, मोठ्या कानांचा, शेपूट अंगापेक्षा लांब. हा चढणारा प्राणी आहे. तुळया, माळवद, पत्र्याखालची पोकळी, केबलची वायर, अंगावर आलेली झाडाची फांदी हे त्याचे रस्ते. दुसरा छोटा उंदीर, अंगठ्याएवढा. कपाटात, धान्याच्या डब्यामागे, कपड्यांच्या बोचक्यात राहतो. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून तो आत येतो. म्हणून फट बुजवताना पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, हे माप लक्षात ठेवावे.

तिसरी घूस. आखूड शेपटीची, जाड मानेची, खोदणारी. इंग्रजीत तिला ‘बँडिकूट’ म्हणतात. तो शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून गेला आणि त्याचा अर्थ ‘डुकरासारखा उंदीर’. घुशीला चढण्यात फारसा रस नसतो. जमिनीखाली बोगदे काढावेत, आत धान्याचा साठा करावा आणि उपसलेली माती तोंडाशी ढीग करून टाकावी ही तिची रीत. तिचे बीळ पुष्कळदा मातीने बुजलेले असते. त्यामुळे भोक दिसत नाही, ढीग दिसतो, आणि पाहणारा त्याला गांडुळांची किंवा मुंग्यांची माती समजून पुढे जातो.

चौथी चिचुंद्री. ती या कुळातलीच नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांत तिची गणना होत नाही. ती किडे खाते, धान्य नासत नाही, वायर तोडत नाही. तिचा उग्र वास मात्र घरभर भरतो आणि त्या वासाने घाबरून चांगले घर सोडून देणारेही असतात. लांबट, टोकदार नाक आणि भिंतीच्या कडेने चूंचूं करत जाणे, यावरून ती ओळखावी आणि तिच्यासाठी किमतीत घासाघीस करू नये.

खुणा आणि त्यांचा अर्थ

लेंडी ही सर्वांत बोलकी खूण. छोट्या उंदराची तांदळाच्या कणीएवढी, दोन्ही टोकांना निमुळती. घरउंदराची साधारण अर्धा इंच, किंचित वाकडी. घुशीची त्याहून मोठी आणि जाड. ताजी लेंडी काळी, मऊ, चकचकीत असते. जुनी राखाडी पडते आणि काडीने दाबली की चुरते. एकाच ठिकाणी ताजी, जुनी, लहान, मोठी अशी सरमिसळ दिसली तर पाहुणे आलेले नाहीत, पिढ्या नांदत आहेत असे समजावे. इथे एक फसगत होते. पालीची विष्ठा दिसायला तशीच, पण तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. वटवाघळाची विष्ठा चुरली की तिच्यात किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे दिसतात. उंदराच्या लेंडीत यातले काही नसते. हा तपास हाताने करू नये. काडी वापरावी, आणि घर झाडायची वेळ आली तर कोरडे झाडू नये. जंतुनाशकाचे पाणी शिंपडून, हातमोजे घालून, ओले करूनच उचलावे.

दुसरी खूण माखण्याची. उंदराला अंधारात भिंतीचा आधार लागतो. तो रोज त्याच वाटेने, अंग भिंतीला घासत जातो. अंगावरचे तेल आणि मळ मिळून तिथे काळपट पट्टा उमटतो. जमिनीपासून दोन बोटांवर आडवा पट्टा असेल तर जमिनीवरची वाट. तुळईच्या खालच्या अंगाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे अर्धवर्तुळाकार डाग असेल तर वर घरउंदराची वहिवाट. चुन्याचा एक हात दिला की भिंतीवरचा पट्टा झाकतो. तुळईच्या खालच्या बाजूला चुना कुणी लावत नाही. म्हणून जुन्या घरात मान खाली घालून पाहावे तसेच मान मोडेपर्यंत वरही पाहावे, आणि हातात बॅटरी असावी.

तिसरी खूण दातांची. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडणे ही त्याची चैन नसून गरज आहे. उंबऱ्याचे कोपरे, दाराच्या फळीची खालची कड, मोरीची जाळी, प्लास्टिकची पाण्याची नळी, विजेच्या वायरीचे आवरण पाहावे. लाकडाचा कुरतडलेला भाग पांढरट असेल तर काम ताजे. काळवंडलेला असेल तर जुने. वायर कुरतडलेली दिसली तर प्रश्न उंदराचा राहत नाही, आगीचा होतो, आणि सबंध घराची वायरिंग नव्याने करण्याचा खर्च किमतीत धरावा लागतो.

चौथी खूण विक्रेत्याने स्वतः ठेवलेली असते. फडताळामागे विषाच्या वड्या, कोपऱ्यात चिकटपट्टी, माळ्यावर पिंजरा, दाराच्या तळाला नुकताच ठोकलेला पत्रा, मोरीच्या तोंडात कोंबलेल्या काचा. यांतली प्रत्येक वस्तू साक्षीदार आहे. ‘घरात मांजर आहे, मग उंदीर कसला?’ असे कुणी म्हणाले तर आपली जुनी म्हण आठवावी: उंदराला मांजर साक्ष. पोट भरलेले मांजर घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. आणि उदबत्ती, फिनेल, ताजा रंग यांचा वास एकाच बंद खोलीत फार येत असेल तर तो कशावर घातला आहे, हे पाहावे. भिंतीत किंवा माळवदात मेलेल्या उंदराचा वास कशानेही पूर्ण झाकत नाही.

पाचवी खूण आपण स्वतः घडवायची. मावशीने तेच केले. मालकाची परवानगी घेऊन तिने परड्यातली तीन बिळे संध्याकाळी ओल्या चिखलाने लिंपली आणि माजघराच्या कडेने रांगोळीचा पातळ पट्टा टाकला. उंदरांची मोजदाद करणारेही हीच पद्धत वापरतात: संध्याकाळी बिळे बुजवायची आणि सकाळी किती उघडली ते मोजायचे. उघडलेले बीळ जिवंत. सकाळी तिनांपैकी दोन उघडी होती. रांगोळीत पुढच्या पायाची चार बोटे, मागच्या पायाची पाच आणि मधून शेपटीची रेघ उमटली होती.

मालक ओशाळले. म्हणाले, “मावशी, उंदीर कुणाच्या घरात नसतो?”

“खरं हाय तुमचं,” मावशी म्हणाली, “पण ह्यो उंदीर नव्हं. घूस जोत्याखाली गेलीया. उंदीर दाणं खातो. घूस घर खाती.”

यात अतिशयोक्ती नाही. मातीच्या भरावावर उभ्या असलेल्या दगडी जोत्याखाली बोगदे झाले की पावसाळ्यात त्यांत पाणी शिरते, भराव बसतो, आणि भिंतीला खालून वर जाणारी तिरपी चीर पडते. चुन्याखाली ती चीर आम्हाला मग सापडली. शिवाय उंदरामागून साप येतात. धामण उंदीर खायला येते ते उपकारच. पण नाग आणि घोणसही त्याच वासाने येतात आणि घुशीची रिकामी बिळे नागाला आयती मिळतात.

उंदीर पडणे

घरात मेलेला उंदीर सापडणे याला महाराष्ट्रात एके काळी वेगळाच अर्थ होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा पहिला रोगी ओळखला गेला तो मांडवी भागात, जिथे धान्याची कोठारे दाटीने उभी होती. नंतर रोग पुण्यात आला. १८९७ च्या मार्चमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन रँडच्या अधिकाराखाली सोल्जर घराघरांत शिरले. माजघरे, देवघरे उलथीपालथी झाली, घरांना चुना फासला गेला, आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. तो इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्या घरझडतीत शोध घेतला गेला तो रोगी माणसांचा. उंदरांच्या वाटा कुणी पाहिल्या नाहीत.

उंदरावरची पिसू रोग माणसात आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षे गेली. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तेच सिद्ध केले. यंत्रणा साधी आहे. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते. पिसवा थंड शरीर सोडतात आणि जवळचे ऊबदार शरीर शोधतात. ते शरीर त्या घरात झोपलेल्या माणसाचे असते. सामान्य माणसाने हे प्रयोगशाळेच्या आधी अनुभवाने हेरले होते. घरात ‘उंदीर पडू लागले’ की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधत. घराने दिलेली ती सूचना होती आणि ती पाळणारे वाचत.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात अनेकांनी तडे गेलेली घरे सोडून उघड्यावर मुक्काम हलवला. धान्य मागे घरांतच राहिले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर मरून पडू लागले, आणि गाठीचा ताप दिसला. माणसाने सोडलेल्या घरात धान्यावर उंदीर वाढले आणि माणूस परतला तेव्हा त्यांच्या पिसवा त्याची वाट पाहत होत्या, असे स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले. घर घेणाऱ्यासाठी या घटनेत नेमका धडा आहे. बरेच दिवस बंद असलेले, पण धान्य किंवा कडबा साठवायला वापरलेले घर सर्वांत जपून पाहावे. आज प्लेगची भीती त्या प्रमाणात नाही. पण उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आहेच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिला. तुंबणारी मोरी आणि उंदरांची वाट एकत्र आली की तो धोका घराच्या दारात येतो.

शहरातल्या वाचकाने हे गावाकडचे प्रकरण समजू नये. सदनिका पाहताना स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सांडपाण्याचा पाइप भिंतीत जिथे शिरतो ती फट, संडासाच्या मागची मोकळी पोकळी, लिफ्टचा खड्डा, तळमजल्यावरची कचऱ्याची जागा आणि वाहनतळातल्या गाड्यांच्या कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात. मुंबई महापालिका रात्री काठी-बॅटरी घेऊन उंदीर मारणारी माणसे कामावर ठेवते; एकेकाला रात्रीला ३० उंदरांचा हिशेब द्यावा लागतो. ज्या इमारतीच्या मागल्या गल्लीत ही माणसे नेहमी दिसतात, तिथल्या रखवालदाराशी चार शब्द बोलून घ्यावेत.

कायदा काय म्हणतो

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चे कलम ५५ विक्रेत्यावर एक जबाबदारी टाकते. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला सापडला नसता, तो दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. शेवटची अट नीट वाचावी. वाकून पाहिले असते तर दिसला असता, असा दोष या संरक्षणात बसत नाही. परड्यातला मातीचा ढीग उघड्यावर होता. तो न पाहता भावाने खरेदीखत केले असते तर पुढे तक्रार करायला त्याच्याकडे काही उरले नसते. चुन्याखाली मुद्दाम झाकलेल्या चिरेबद्दल कदाचित भांडता आले असते. पण निवृत्तीचा पैसा कोर्टकचेरीत घालवायला कुणाला हवा असतो?

म्हणून जे दिसले ते विसार देण्याआधी बोलावे आणि साठेखतात लिहून घ्यावे: कोणती दुरुस्ती, कुणाच्या खर्चाने, खरेदीखताआधी की नंतर. ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द मसुद्यात असतील तर त्यांचा अर्थ बिळांसकट, हे ध्यानात ठेवावे.

पाहण्याची वेळ

शेवटी काळवेळेचा मुद्दा, आणि तो दिवाळी अंकातच सांगायला हवा. घर पाहायला दिवाळीइतका वाईट काळ नाही. वर्षभरात उंदराने जे लिहून ठेवलेले असते ते आपण याच आठवड्यात पुसतो. अडगळ काढतो, लेंड्या झाडतो, बिळे लिंपतो, भिंती सारवतो. त्यात फसवण्याचा हेतू नसतो. ती आपली रीत आहे. पण घेणाऱ्याला कोरी पाटी दिसते.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर हा भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बागायती होत गेला. आडसाली ऊस वावरात दीड वर्ष उभा असतो; घुशीला एवढा दीर्घ आणि निवांत निवारा दुसऱ्या पिकात मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात, तोड सुरू होते, आणि वावर मोकळे झाले की त्यातले बिऱ्हाड शेजारच्या बांधाकडे, गोठ्याकडे, घराकडे सरकते. ज्या घराच्या मागे ऊस आहे ते घर तोडीआधी एकदा आणि तोडीनंतर पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. जमल्यास तिसऱ्यांदा जोराच्या पावसात पाहावे.

आम्ही थांबलो. मकरसंक्रांतीनंतर परड्यामागचा ऊस तुटला आणि आम्ही परत गेलो. चुना अजून पांढरा होता. पण त्यावर दोन बोटांच्या उंचीवर नवा काळपट पट्टा उमटला होता आणि जोत्याजवळ दोनाचे पाच ढीग झाले होते. गवंड्याला नेले. त्याने पहारीने माजघराची जमीन ठोकत नेली आणि जिथे आवाज बदबद आला तिथे खडूने खुणा केल्या. निम्मे माजघर पोकळ निघाले. त्याने जोते उकलून दगड-सिमेंटात भरण्याचा खर्च कागदावर लिहून दिला. मालक भले होते. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, भावाकडे पाहिले आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी केली. खरेदीखत अक्षय्य तृतीयेला झाले.

पावसाळ्याआधी जोते उकलले तेव्हा खालून घमेलीभर ज्वारी निघाली, काही दाण्यांना कोंब फुटलेली. माजघराच्या कोपऱ्यातल्या जुन्या बळदाच्या बुडाशी भोक होते. त्या घरातल्या कुणीतरी ती वर्षानुवर्षे भरली असणार आणि ती इतकी लवकर कशी सरते, याचे कोडे त्यांना पडले असणार. मावशीने ती ज्वारी कोंबड्यांनासुद्धा घातली नाही. परड्यात खड्डा घेऊन पुरून टाकली. मग बळदाच्या भोकात बोट घालून पाहिले आणि गवंड्याला म्हणाली, “हे आधी बुजव बाबा. जमीन मागनं कर.”